पेवात उतरण्याआधी

हरिपूरला हळदीची पेवं भरत तेव्हा
माणूस उतरवण्याआधी आत दिवा सोडत.
दिवा विझला तर थांबायचं.
जिनदत्त मगदूम सरांनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं,
कुपवाडच्या शेडमध्ये,
सी भाषेतल्या चौदा लाख ओळींसमोर बसवून.
दिवा काही दिला नाही.

त्यांना लागत नव्हता.
नाव घेतलं की फाइल सांगायचे, फाइल घेतली की ओळ,
हातातली बशी खाली न ठेवता.
साखर कारखान्यांची एकतीस वर्षांची सेंट्रिफ्यूगल
त्यांच्या बोटांत मुक्कामाला होती.
एप्रिलमध्ये ते निवृत्त झाले.
बोटं घरी घेऊन गेले.

उरला माझा एडिटर.
पहिलीच फाइल उघडली तर पानभर लाल नागमोड.
हेडर सापडत नाही. हा टाइप ओळखीचा नाही.
‘वेग_तपासा’वर कर्सर ठेवून विचारलं, हे फंक्शन कुठलं?
त्याने अकरा पत्ते दिले,
सांगली स्टँडवर उतरून कुणी विचारावं तसं,
पाटलांचं घर कुठं हो?

चूक त्याची नव्हती.
आपल्याकडे नावाला गाव लागतं.
गाव लिहिलेलं होतं मेकफाइलमध्ये,
ती विचारायची दुसऱ्या मेकफाइलला,
दुसरी एका स्क्रिप्टला,
आणि स्क्रिप्ट बोट दाखवायची अशा फोल्डरकडे
जो फक्त सरांच्या जुन्या मशीनवर होता.

मग मी बिल्ड चालू केला
आणि शेजारी बसून कान दिला.
कंपायलरला आत पाठवताना त्याच्या कानात काय सांगतात,
कुठली वाट, कुठली व्याख्या, कुठलं मशीन,
ते एकेका फाइलपुढे उतरवत गेले,
मांडवात आहेराची वही लिहावी तसं:
नाव, गाव, रक्कम.
तीन हजार दोनशे सात नोंदी.
इर्शाद बागवान म्हणाला, मॅडम,
एवढ्यात ग्रेप मारून जेवून आलो असतो.

रात्रभर मशीन ती वही पाठ करत बसलं.
सकाळी एफ-बारा दाबलं.
उडी.
अकरांतलं एक. आपलं.
‘आयला,’ मी म्हणाले, आणि कुणी ऐकलं का ते पाहिलं.

चढलेच मग जरा.
‘ब्रेक_सोडा’ नावाचं एक फंक्शन होतं,
वर कॉमेंट: हात लावू नये. जि. म.
आम्ही सगळे त्याला वळसा घालून जायचो.
एडिटरला विचारलं, याला कोण हाक मारतं?
कुणीच नाही.
काढून टाकते, म्हणाले. साठ ओळी.

इर्शादने ग्रेप मारला.
हाक होती. एकच.
‘सात नंबर असेल तर’ अशा अटीच्या पोटात,
आणि एडिटरने ती राखाडी करून ठेवली होती,
कारण मी लिहिलेली वही एकाच लग्नाची होती.

सरांना फोन लावला.
मागे टीव्ही चालू होता.
‘सात नंबर? फिरतोय की अजून.
दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की बघा.
ते काढलं असतं तर भरल्या वेगात ब्रेक लागला असता.’
मग थोडं थांबून,
‘राखाडी म्हणजे कसं दिसतं हो ते?
माझ्या वेळी सगळं एकाच रंगाचं.’

मी म्हणाले, हळदीचा पाला वाळतो ना, तसं.
‘मग बरोबर,’ ते म्हणाले,
‘पाला वाळला की खाली गड्डा तयार असतो.’

टीव्हीचा आवाज कमी झाला.
‘एकूण कारखाने किती आता?’
छत्तीस, सर.
‘म्हणजे छत्तीस वह्या,’ असं म्हणून
त्यांनी त्या फोल्डरचा पासवर्ड सांगितला.
मोठा होता. तीनदा चुकला.
इर्शाद लिहून घेत होता,
पेन मिळेना म्हणून तळहातावर.